चूक यंत्राची, भुर्दंड कोणाला? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या काही पत्रांत लटका राग आहे. संगणकावर सदर लिहिणारा माणूस प्रत्येक नव्या वस्तूला नाक का मुरडतो, असा त्यांचा आक्षेप. मला यंत्रे मनापासून आवडतात; बंद पडलेला संगणक उघडून, धूळ झटकून तो पुन्हा चालू करण्यात जो आनंद आहे तो मला इतर फार थोड्या गोष्टींत मिळतो. मात्र यंत्र बनवणारा, ते विकणारा आणि ते वापरणारा या तिघांपैकी काही बिघडल्यावर पैसे, वेळ आणि मनस्ताप कोणाच्या वाट्याला येतो, हे आधी पाहण्याची सवय मला याच नादाने लावली. खालची उत्तरे त्या सवयीतून आलेली आहेत.

प्रश्न : १९९८ ते २००४ या काळात मी आमच्या गावाचा इतिहास लिहिला आणि तालुक्याच्या डीटीपी केंद्रातून टाइप करून घेतला. सीडीवरच्या त्या फाइली मुलाने नव्या लॅपटॉपवर उतरवल्या, पण उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. एवढे काम वाया गेले असे समजायचे का?
— निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : काम वाया गेलेले नाही. मजकूर फाइलमध्ये जसाच्या तसा आहे. तो ज्या फॉन्टमध्ये टाइप झाला तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नाही, एवढेच घडले आहे. त्या काळी डीटीपी केंद्रांत श्री-लिपी, आकृती, एपीएस, आयएसएम अशा पॅकेजांचे फॉन्ट वापरले जात. एका फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा असत आणि त्या मुळात रोमन अक्षरांना नेमून दिलेल्या होत्या. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले : कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. चाळीतल्या खोल्यांचे क्रमांक तेच ठेवून दारांवरच्या पाट्या तेवढ्या बदलाव्यात, तसा हा प्रकार होता. फाइलमध्ये नोंद झाली ती क्रमांकांची. पाट्या फॉन्टबरोबर गेल्या, आणि आपल्या लॅपटॉपला आता त्या क्रमांकांवर मूळचे रोमन भाडेकरूच दिसत आहेत.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की ही मांडणी प्रत्येक पॅकेजने आपापल्या मर्जीने केली आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडेनासा झाला. वास्तविक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे सामायिक संकेतन, म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर हे ठरवणारी मांडणी, प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतनाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गाळा राखून ठेवला गेला, म्हणजे ‘क’ हा कोणत्याही देशातल्या कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहील अशी तजवीज कागदावर झालेली होती. विंडोज २००० आणि तिच्यामागून आलेल्या एक्सपीमध्ये ती प्रत्यक्षातही उतरली. तरीही आपला छपाईचा धंदा पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालला, कारण पाने मांडण्याच्या ज्या पेजमेकर या सॉफ्टवेअरवर सगळ्यांचे हात बसले होते त्याला युनिकोड कळत नव्हते, आणि फॉन्ट विकणाऱ्याला ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नाही ही स्थिती सोयीचीच होती. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळेसुद्धा एके काळी आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या आणि मग बातमी वाचा, असे सांगत असत. या सगळ्याचे बिल आता आपल्यासारख्या लेखकांकडे आले आहे.

आता उपाय. फाइली वर्डच्या असतील तर त्या उघडून मजकुरावर कर्सर ठेवावा. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव वरच्या पट्टीत दिसते. ते नाव कळले की त्या विशिष्ट फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, त्यांतली काही विनामूल्य आहेत. मात्र फाइली पेजमेकरच्या असतील तर आधी जुने पेजमेकर असलेला डीटीपीवाला गाठावा लागेल, आणि असे लोक तालुक्याच्या गावी अजून भेटतात. रूपांतर झाल्यावर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासावी. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टाइप होत असे, ती अनेकदा भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, रफार सरकतो, आणि डोंगरातल्या ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ झाला तर संगणक काहीच तक्रार करत नाही. कोणत्याच उपायाने फॉन्ट सापडला नाही तर छापील पाने स्कॅन करून त्यांवरून अक्षरे ओळखणारे टेसरॅक्टसारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरता येते. ते मराठी वाचते, परंतु तपासणीचे काम त्यात आणखी वाढते. तयार झालेली युनिकोड फाइल दोन वेगळ्या डिस्कांवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी, कारण घरी लिहिलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होतो आणि आपल्या सीडी अजून वाचता आल्या हेच नशीब. पुढचे पुस्तक छापायला द्याल तेव्हा अंतिम मजकूर युनिकोडमध्ये परत मिळेल हे पैसे देण्याआधी लेखी ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझ्या लहान कार्यालयात सात-आठ वर्षांपूर्वीचे तीन संगणक आहेत. विंडोज १० बंद झाले, आता तिन्ही बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असे दुकानदार सांगतो. हे खरे आहे का?
— कर सल्लागार, नाशिक

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि दुकानदाराने त्यातला त्याच्या उपयोगाचा अर्धा भाग निवडला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण त्या प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवरचे सुरक्षा दुरुस्तीसंच आपोआप येणे थांबते. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली. व्यवसायांसाठी तशीच सोय वेगळ्या अटींवर आणि पैसे घेऊन आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आपले संगणक या सीमारेषेच्या अगदी जवळचे आहेत. म्हणून नवे घेण्याआधी प्रत्येकावर मायक्रोसॉफ्टचे तपासणी ॲप चालवून पाहावे; बऱ्याचदा टीपीएम असते, पण बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेले असते, आणि ते चालू करायला पाच मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही.

जे संगणक खरोखरच बसत नाहीत त्यांचे काय करायचे, यावर माझे मत धंद्यानुसार बदलते. पत्रे लिहिणे, तक्ते करणे, इंटरनेट पाहणे एवढेच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त प्रणालीचे मिंट किंवा डेबियनसारखे वितरण घालावे. केरळच्या सरकारी शाळांनी आपल्या संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालवून दाखवले आहे, तेव्हा हे काही प्रयोगशाळेतले खूळ नाही. परंतु कर सल्लागार म्हणून आपला प्रश्न टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आणि डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा आहे. टॅली विंडोजसाठी बनते, टोकनची सॉफ्टवेअरेही बहुधा विंडोज गृहीत धरूनच दिली जातात, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता ती लिनक्सवर चालवण्याची खटपट करावी असे मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही. एक संगणक विंडोज ११ चा नवा घ्यावा आणि स्वाक्षऱ्या व भरणा त्यावरच करावा. उरलेल्या दोघांत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी ही फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क घालावी, त्यांवर लिनक्स चढवावे आणि टंकलेखनाला ठेवावे. जुना संगणक सुस्त वाटतो त्यात प्रोसेसरपेक्षा डिस्कचा दोष पुष्कळदा मोठा असतो, हे दुकानदारालाही ठाऊक असते.

तीन चांगली यंत्रे केवळ एका यादीत बसत नाहीत म्हणून भंगारात जावीत, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना त्या भंगाराचा खर्च सोसावा लागत नाही, हेही नमूद करून ठेवतो.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी गप्पांत हरिहरेश्वरला जाण्याविषयी बोललो आणि संध्याकाळी माझ्या मोबाइलवर तिथल्या हॉटेलांच्या जाहिराती आल्या. मी काहीच शोधले नव्हते. फोन आपले बोलणे ऐकतो ना?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मी स्वभावाने संशयी आहे, म्हणून या दाव्यावरही संशय घेतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतले एकही ॲप चोरून आवाज बाहेर पाठवताना त्यांना आढळले नाही; काही ॲप मात्र पडद्यावर काय चालले आहे याची चित्रे तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होती, आणि ही गोष्ट बोलणे ऐकण्याइतकी चर्चिली गेली नाही. शिवाय आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून मायक्रोफोन चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला रंगीत ठिपका किंवा चिन्ह दिसते.

आपण काही शोधले नसेल, पण मैत्रिणींपैकी एकीने तिथेच बसून हॉटेलाचे भाडे पाहिले असेल. ती आपल्या संपर्कयादीत आहे, कदाचित त्याच वायफायवर होती, आणि तिचा व आपला फोन दुपारभर एकाच जागी होते. जाहिरात कंपन्यांना एवढे पुरते; त्यासाठी आवाज ऐकून, तो साठवून, त्यातले शब्द ओळखण्याचा उद्योग करावा लागत नाही. जोडून सुट्ट्या येत असतील तर पुण्यातल्या निम्म्या तरुण वर्गाला कोकणाची जाहिरात तशीही दाखवली जात असेल. ज्या शेकडो जाहिराती बोलण्याशी जुळल्या नाहीत त्या आपल्या लक्षात राहिल्या नाहीत, हेही खरेच.

म्हणून निश्चिंत व्हावे असे मात्र नाही. न ऐकताच इतके कळते, ही मला अधिक गंभीर बाब वाटते. सेटिंगमधून जाहिरात ओळखक्रमांक पुसून टाकावा, प्रत्येक ॲपची स्थान, संपर्क आणि मायक्रोफोन यांची परवानगी एकदा बसून तपासावी, आणि विजेरी म्हणून उतरवलेल्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि रत्नागिरीजवळ एकटे राहतात. बाजारात सगळेच यूपीआय मागतात. त्यांना ते सुरू करून द्यावे का? फसवणुकीच्या बातम्या वाचून भीती वाटते.
— वाचक, ठाणे

उत्तर : अवश्य द्यावे, परंतु निवृत्तिवेतनाचे किंवा मुदत ठेवींचे खाते त्याला जोडू नये. एक दुसरे बचत खाते उघडून त्यात महिन्याच्या बाजारहाटापुरतेच पैसे ठेवावेत आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडावे. मासळीबाजारातल्या किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट हे ॲपमधलेच छोटे पाकीट पुरेसे आहे. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत खर्च करता येतो, म्हणजे फोन हरवला तरी नुकसानीला कुंपण राहते.

ही दक्षता मी एवढ्या आग्रहाने का सांगतो ते स्पष्ट करतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांची जबाबदारी वाटून दिली. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. आता फसवणूक करणारे कुलूप फोडतच नाहीत, ते माणसाकडूनच दार उघडून घेतात. म्हणजे ज्या प्रकारात वृद्ध माणसे सर्वाधिक सापडतात, नेमक्या त्याच प्रकारात तो नियम त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. यंत्रणा भक्कम आहे असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. ती कोणासाठी भक्कम आहे एवढेच ते सांगत नाहीत.

वडिलांना शिकवायच्या गोष्टी थोड्या आहेत. पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीही टाकावा लागत नाही. क्यूआर कोडही तसाच. अनोळखी माणसाकडून पैसे मागणारी विनंती येऊन ती चुकून मंजूर होण्याचा मार्ग १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींपुरता बंद झाला आहे, हे चांगले झाले. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसला आणि कॅमेऱ्यासमोरून उठू नका म्हणाला, तर फोन ठेवून शेजाऱ्यांना हाक मारावी. तरीही काही घडलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वीच ते गोठवता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक फोनमध्ये नव्हे, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावा.

प्रश्न : मी मराठी शिकवतो. विद्यार्थी निबंध एआयकडून लिहून आणतात. मी स्वतः एका चॅटबॉटला संतसाहित्यावरचे संदर्भग्रंथ विचारले, तेव्हा त्याने आत्मविश्वासाने दिलेल्या यादीतली काही पुस्तके अस्तित्वातच नाहीत असे निघाले. हे यंत्र खोटे बोलते का? आणि विद्यार्थ्यांना पकडावे कसे?
— प्राध्यापक, नागपूर

उत्तर : खोटे बोलण्यासाठी खरे काय ते माहीत असावे लागते. चॅटबॉटमागचे मॉडेल आतापर्यंतच्या मजकुरापुढे कोणता तुकडा येणे संभवनीय आहे, याचा हिशेब करून एकामागून एक तुकडे मांडत जाते. ग्रंथसूचीचा साचा त्याला उत्तम जमतो : विदर्भातल्या एखाद्या अभ्यासकाचे शोभणारे आडनाव, ‘एक चिकित्सक अभ्यास’ असे उपशीर्षक, पुण्याचा प्रकाशक, साल. साचा बिनचूक असतो म्हणूनच आतली पोकळी दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीही न झालेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. दंड वकिलांना झाला, सॉफ्टवेअरला नाही, ही नोंद आपल्या विद्यार्थ्यांना जरूर वाचून दाखवावी. मराठीत हा धोका आणखी वाढतो, कारण इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर अत्यल्प आहे आणि आपली कितीतरी समीक्षा ग्रंथालयांच्या कपाटांत आणि नियतकालिकांच्या जुन्या अंकांत पडून आहे. तिथवर हे यंत्र पोहोचलेलेच नाही.

यंत्राच्या गोड बोलण्याला भुलणे हेही नवे नाही. एमआयटीतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नाच्या रूपात परत द्यायचे, एवढीच त्याची करामत. तरीही हा कार्यक्रम तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या सचिवाने त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे ते आपल्याच क्षेत्राचे कठोर टीकाकार झाले. संगणकावर प्रेम करणारा माणूसच त्याच्यावर सर्वांत नेमका संशय घेऊ शकतो, याचे मला आवडणारे उदाहरण ते आहेत.

विद्यार्थ्यांना पकडण्याच्या सॉफ्टवेअरविषयी माझे मत अगदी स्पष्ट आहे : ते वापरू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः तयार केलेले असे ओळखयंत्र अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. ज्यांनी लिहिणारे यंत्र बनवले त्यांनाच ते ओळखता आले नाही, तर मराठी निबंधावर दुसऱ्या एखाद्या कंपनीने दिलेल्या टक्केवारीवरून विद्यार्थ्याला नापास करणे अन्यायाचे ठरेल. विशेषतः जो मुलगा नीटनेटके, पाठ्यपुस्तकी मराठी लिहितो तोच त्यात अडकेल. त्यापेक्षा निबंध घेतल्यावर पाच मिनिटे समोर बसवून दुसरा परिच्छेद असा का लिहिलास, एवढे विचारावे. मोठ्या वर्गात हे जमत नाही हे मला समजते. तिथे वर्गातच हाताने लिहून घेणे, हा जुना मार्ग अजून मोडीत निघालेला नाही. आणि आपण स्वतः हे साधन वापराल तेव्हा उत्तर तपासणे हे उत्तर शोधण्यापेक्षा सोपे असेल अशाच कामाला वापरावे : तक्त्याची मांडणी, पत्राचा कच्चा खर्डा, इंग्रजी लेखाचा गोषवारा. संदर्भग्रंथांची यादी त्यात बसत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. याने खरोखर सुरक्षितता वाढते का?
— लिपिक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, त्याने फक्त पासवर्डच्या शेवटचा आकडा एकने वाढतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेसाठी २००३ मध्ये बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हा प्रघात जगभर पसरला, आणि आपल्या त्या सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे त्यांनीच २०१७ मध्ये सांगितले. त्याच वर्षी निस्टने ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, अशी सुधारणा केली. लांब आणि फक्त एकाच ठिकाणी वापरलेला पासवर्ड हा खरा उपाय. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून तो करता येतो. घरच्या वहीत तो लिहून ठेवण्यात मला गैर काही वाटत नाही, कारण परदेशात बसलेल्या चोराला आपल्या कपाटातली वही वाचता येत नाही. कार्यालयाचा नियम मात्र पाळावाच लागेल.

प्रश्न : डिजिलॉकर आल्यापासून मुलगा सगळे कागद फेकून द्या म्हणतो. ऐकावे का?
— गृहिणी, अहिल्यानगर

उत्तर : झेरॉक्सचे गठ्ठे खुशाल फेकावेत, मूळ कागद नाही. डिजिलॉकर या कागदपत्रांच्या सरकारी डिजिटल कपाटात दोन कप्पे असतात आणि त्यांतला फरक मुलगा विसरलेला दिसतो. परिवहन विभाग किंवा परीक्षा मंडळ यांनी स्वतः पाठवलेला दस्तऐवज मुळाइतकाच ग्राह्य धरण्याची तरतूद नियमांत आहे; आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. त्याचप्रमाणे १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासकीय कामाला चालतो, पण संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. हे सगळे दार मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने उघडते. आधारला जोडलेला क्रमांक बंद पडला किंवा दुसऱ्याच कोणाला मिळाला, तर स्वतःचीच कागदपत्रे पाहण्यासाठी आधार केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागेल.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष दुरुस्तीमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. विमाने उडाली ती कागद आणि पेन शिल्लक होते म्हणून. खरेदीखत, जन्मदाखला, गुणपत्रिका आणि विम्याचे मूळ कागद लोखंडी कपाटात राहू द्यावेत.

प्रश्न : नव्या सदनिकेत दिवे, पंखे आणि मुख्य दाराचे कुलूप मोबाइलवर चालणारी ‘स्मार्ट’ योजना बिल्डर जादा पैशांत देतो आहे. घ्यावी का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : पंखा आणि दिवे घ्यायचे तर घ्यावेत, कुलूप घेऊ नये. अमेरिकेत रिव्होल्व्ह नावाचे घरातली उपकरणे एकत्र चालवणारे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र विकले जात असे. ती कंपनी गूगलच्या नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे सर्व्हर बंद केले, तेव्हा लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेले धडधाकट यंत्र भिंतीवरच्या निरुपयोगी डबीसारखे पडून राहिले. यंत्र बिघडले नव्हते, फक्त ते दुसऱ्याच्या मर्जीवर चालत होते. तेव्हा बिल्डरला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : इंटरनेट नसताना भिंतीवरचे बटण दाबून पंखा सुरू होतो का, सदनिकेचा ताबा घेतल्यावर जुन्या खात्यातून बिल्डरचे नाव पूर्णपणे निघते का, आणि ॲप बंद पडल्यास बदलून देण्याची जबाबदारी किती वर्षे व कोणाची. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर उरलेले दोन विचारण्याची तसदी घेऊ नये, साधी वायरिंग करून घ्यावी.